मुक्या जिवाचा चरित्रकार : रोबेर ब्रेसाँ

मराठी माणसाला गाढवाची ओळख नव्याने करून द्यायला नको. कुंभाराच्या अंगणात, परटाच्या घाटावर, वडाराच्या दगडांखाली त्याने पिढ्यान्‌पिढ्या पाठ वाकवली आहे. पौष पौर्णिमेला जेजुरीला त्याचा बाजार भरतो. पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांच्या यात्रेतही त्याची खरेदीविक्री होते. शिलाहारांच्या काळातील दानशिळांवर, दान मोडील त्याला शाप म्हणून, याच प्राण्याची आकृती कोरलेली आढळते. इतिहाससंशोधक त्या शिळांना गधेगाळ म्हणतात. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे बेचिराख केले तेव्हा त्या जमिनीवर गाढवाचा नांगर फिरवला, असे सांगतात. थोडक्यात, आपल्याकडे गाढव म्हणजे ओझे, शिवी आणि शाप. त्याला स्वतःचे काही आयुष्य असते, ते कोणी सांगावे आणि कोणी ऐकावे, असे आपल्याला क्वचितच वाटले.

क्वचितच म्हटले, कारण एक थोर अपवाद आपल्या घराघरांत ठाऊक आहे. काशीच्या गंगेची कावड रामेश्वराला नेताना पैठणच्या एकनाथमहाराजांना वाळवंटात तहानेने तडफडणारे गाढव दिसले आणि त्यांनी ते गंगोदक त्याच्या मुखात घातले. १९३५ साली ‘प्रभात’ने ‘धर्मात्मा’ हा बोलपट काढला, त्यात नाथांची भूमिका बालगंधर्वांनी केली होती. जुन्या कुटुंबांतील वडीलधाऱ्यांनी त्याच्या आठवणी सांगितल्या असतील. पण त्या कथेतही नायक नाथच आहेत. गाढव पाणी पिते आणि कथेतून निघून जाते. ते कोठून आले, कोणी त्याला त्या वाळवंटात सोडून दिले, पाणी प्याल्यावर ते कोणाच्या दारी गेले, हे आपण विचारीत नाही.

हा प्रश्न एका फ्रेंच माणसाने विचारला. त्याचे नाव रोबेर ब्रेसाँ. १९६६ साली त्याने एका गाढवाच्या जन्मापासून मरणापर्यंतची हकिगत चित्रपटातून सांगितली आणि जगातील जाणकारांनी तो चित्रपट सर्वश्रेष्ठ कृतींच्या पंक्तीला नेऊन बसवला. त्या माणसाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवावयाचे आहे.

परंतु त्याआधी एक घरगुती आठवण सांगण्याची परवानगी वाचकांनी द्यावी. हा लेख लिहिण्याचे कारण तीच आहे.

उकव्याचा बैल

बालाघाटहून बैहरकडे जाताना घाट चढून गेल्यावर उकवा लागते. सभोवार साल आणि बांबूचे रान, गोंड-बैगांची वस्ती आणि जमिनीच्या पोटात मँगनीजची खाण. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून त्या मुलखात मराठी घरे आहेत. खाणींच्या निमित्ताने त्यांत पुढे आणखी भर पडली. आमचे आजोबा त्याच निमित्ताने तेथे गेले. त्यांच्या दारात एक बैलजोडी होती. तीतला उजवीकडचा बैल आम्हा नातवंडांचा विशेष लाडका. तो म्हातारा झाला, एका पायाने अधू झाला, आणि एका बाजाराच्या दिवशी आजोबांनी तो अनोळखी माणसाला विकला. घेणारा त्याचे काय करणार हे सर्वांना कळत होते. दोर हातात देताना आजोबांनी त्याच्या मानेवरून एकदा हात फिरवला. बैलाने वळून पाहिले, एवढेच. संध्याकाळी आजोबा जेवले नाहीत. त्यानंतर त्या बैलाचा विषय घरात कधी निघाला नाही. आमच्यापैकीही कोणी काढला नाही.

पुष्कळ वर्षांनी ब्रेसाँचा चित्रपट पाहिला तेव्हा त्या बैलाचे ते वळून पाहणे आठवले. तेव्हापासून या माणसाविषयी जे मिळेल ते वाचीत आलो.

चित्रकार ते चित्रपटकार

रोबेर ब्रेसाँ यांचा जन्म २५ सप्टेंबर १९०१ रोजी मध्य फ्रान्समधील ओव्हेर्न्य प्रांतात, ब्रोमाँ-लामोत या लहानशा गावी झाला. हा प्रांत डोंगराळ, शेतकऱ्यांचा आणि जुन्या धर्मश्रद्धेचा. पुढे त्यांचे शिक्षण पॅरिसजवळच्या सो येथील लाकानाल विद्यालयात झाले. त्यांना व्हायचे होते चित्रकार, आणि तारुण्यातील पहिली वर्षे त्यांनी चित्रे काढण्यात घालवली. पुढे कुंचला सुटला तरी दृष्टी चित्रकाराचीच राहिली. आपल्याकडे कोल्हापूरचे बाबूराव पेंटर पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळले आणि त्यांनी आपला कॅमेरा स्वतः बनवला, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. दोघांची वाट निराळी, पण दोघांनीही सिनेमा हा नाटकाचा धाकटा भाऊ मानला नाही, चित्राचा मानला.

ब्रेसाँ यांचे पहिले चित्र १९३४ साली निघाले. ते लहान होते आणि चक्क विनोदी होते. त्यानंतर दुसरे महायुद्ध आले. फ्रान्सचा पाडाव झाला आणि १९४० साली ब्रेसाँ जर्मनांच्या कैदेत पडले. एक वर्षाहून अधिक काळ त्यांनी युद्धकैदी म्हणून काढला. या कैदेविषयी ते फारसे बोलले नाहीत, पण त्यांच्या पुढील चित्रपटांत बंद दारे, भिंती, कुलपे, किल्ल्या आणि सुटकेची आस पुन्हापुन्हा येते, ती कोठून आली हे सांगावे लागत नाही.

सुटून आल्यावर, जर्मनांनी व्यापलेल्या फ्रान्समध्येच, १९४३ साली त्यांनी पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट केला. तो जोगिणींच्या मठाविषयी होता आणि त्याचे संवाद नाटककार जाँ जिरोदू यांनी लिहिले होते. दुसरा, १९४५ सालचा, दिदरो या जुन्या लेखकाच्या कथेवर बेतलेला. त्याचे संवाद कवी जाँ कॉक्तो यांचे. दोन्हींत नामवंत नट-नट्या होत्या. एखाद्या सामान्य दिग्दर्शकाला याच वाटेने आयुष्य सुखात काढता आले असते. ब्रेसाँ येथे थांबले आणि त्यांनी वाट बदलली.

नटांना रजा

त्यांची तक्रार अशी होती की सिनेमा म्हणजे टिपून ठेवलेले नाटक होऊन बसला आहे. नट चेहरा हलवतो, आवाज चढवतो, डोळ्यांत पाणी आणतो आणि प्रेक्षकाला काय वाटावे हे स्वतःच ठरवून टाकतो. मग प्रेक्षकाने करायचे काय उरते? म्हणून त्यांनी धंदेवाईक नट घेणे हळूहळू बंद केले. ते साधी माणसे निवडीत, आणि त्यांना नट न म्हणता ‘मॉडेल’ म्हणत. हा शब्द चित्रकाराच्या कार्यशाळेतला आहे. त्यांच्याकडून एकेक वाक्य, एकेक हालचाल ते इतक्या वेळा करून घेत की शेवटी अभिनय करण्याची इच्छाच गळून पडे. उरे ते सपाट बोलणे, खाली गेलेली नजर, दारावर ठेवलेला हात. आणि नवल असे की या कोरडेपणातूनच पाहणाऱ्याचा गळा दाटून येई.

संगीत जाणणाऱ्या ग्वाल्हेरच्या वाचकाला हे चटकन समजावे. हावभावांनी सभा जिंकणारा गवई वेगळा, आणि मान न हलवता स्वर लावून बसणारा वेगळा. दुसऱ्या प्रकारच्या गाण्यात श्रोत्याला स्वतः काही द्यावे लागते, आणि जे दिले तेच दुप्पट होऊन परत येते.

या मार्गावरील पहिले मोठे यश १९५१ साली आले. खेड्यातील एका आजारी, एकाकी धर्मोपदेशकाची ती कथा जॉर्ज बेर्नानोस यांच्या कादंबरीवरून घेतलेली होती. १९५६ साली त्यांनी लिओं शहरातील माँलुक तुरुंगातून पळालेल्या एका देशभक्ताची सत्यकथा पडद्यावर आणली. मुळात जो पळाला होता तो आंद्रे देव्हिन्यी चित्रीकरणात सल्लागार म्हणून होता, आणि प्रमुख भूमिकेसाठी एक विद्यार्थी घेतला होता. चमचा घासून हत्यार करणे, दाराच्या फळ्या कोरणे, चिंध्यांचा दोर वळणे, एवढेच त्यात दिसते. पण माणूस खिळून बसतो. या चित्रपटाला १९५७ साली कान येथील महोत्सवात उत्कृष्ट दिग्दर्शनाचा मान मिळाला. १९५९ साली खिसेकापूची कथा आली आणि १९६२ साली जोन ऑफ आर्कच्या खटल्याची; ती खटल्याच्या मूळ कागदपत्रांवरून रचलेली होती.

इतके झाल्यावर, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, ते गाढवाकडे वळले.

बाल्ताझार

ही कल्पना त्यांच्या डोक्यात कित्येक वर्षे घोळत होती. तिचे एक बीज दस्तयेव्हस्की या रशियन लेखकाच्या ‘इडियट’ कादंबरीत आहे. तिचा नायक मनाने खचलेल्या स्थितीत परदेशी जात असता बाझेल शहराच्या बाजारात एका गाढवाचे ओरडणे ऐकतो, आणि तेवढ्याने त्याच्या डोक्यावरचे मळभ दूर होते. ज्या आवाजाला आपण हसतो, त्याच आवाजाने एक माणूस शुद्धीवर आला, ही गोष्ट ब्रेसाँ यांच्या मनात घर करून राहिली.

चित्रपटाचे नाव ‘ओ आझार बाल्ताझार’. बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून जे तीन ज्ञानी राजे आले, त्यांतील एकाचे नाव परंपरेने बाल्ताझार असे सांगतात. दक्षिण फ्रान्समधील ले बो येथील सरदार घराणे आपला वंश या राजापर्यंत नेई, आणि चित्रपटाच्या नावातील शब्द हे त्या घराण्याचे ब्रीद होते. त्यातील ‘आझार’ म्हणजे योगायोग, दैवगती. राजाचे नाव आणि गाढवाचा देह, शिवाय सारे आयुष्य दैवावर सोडलेले, असा अर्थ त्या नावातच भरून ठेवला आहे.

सुरुवातीला शूबर्टच्या पियानो-रचनेतील संथ सूर वाजू लागतात आणि मध्येच गाढव ओरडते. सूर थांबतात, ओरडणे संपल्यावर पुन्हा सुरू होतात. कोण कोणाला अडवते आहे, हे ज्याने त्याने ठरवावे.

गोष्ट अशी आहे. सुटीत खेड्यावर आलेली मुले एक शिंगरू घरी आणतात, त्याचे बारसे करतात, त्याला बाल्ताझार म्हणतात. मारी ही शाळामास्तरांची मुलगी आणि जाक हा जमीनदाराचा मुलगा. दोघे बालमैत्रीतच एकमेकांना वचन देतात. जाकची आजारी बहीण मरते, ते कुटुंब गाव सोडून जाते, आणि लाडाकोडाचे दिवस संपतात. गाढवाला खुरांना नाल ठोकतात, पाठीवर चाबूक येतो, मागे गाडी येते. एकदा गाडी उलटते. माणसे काठ्या घेऊन धावतात. तो पळत सुटतो आणि जुन्या घरी, मारीकडे येतो.

मारीचे वडील जमिनीच्या हिशेबावरून निघालेल्या बदनामीपायी खटल्यात अडकतात. खरे तर माणूस प्रामाणिक. पण आपला प्रामाणिकपणा सिद्ध करून दाखवणेही त्यांना अपमानाचे वाटते. या मानीपणात घर बुडते. अशी माणसे आपणही पाहिली आहेत. जुन्या घराण्यांत तर ती दर पिढीला एकतरी निघते, आणि तिच्या ताठपणाची किंमत बहुधा घरातील बायका आणि दारातील जनावरे भरतात.

बाल्ताझार पाववाल्याकडे जातो. तेथे जेरार नावाचा पोरगा त्याला हाकतो. त्याचा गळा गोड आणि मन क्रूर. तो त्याच्या शेपटीला कागद बांधून पेटवून देतो. याच पोराच्या मागे मारी जाते. का जाते हे तिलाही सांगता येत नाही. मग गाढव आजारी पडते, मारून टाकायची वेळ येते, तेव्हा आर्नोल नावाचा दारुडा भटक्या त्याला घेऊन जातो. शुद्धीवर असताना तो दयाळू असतो, प्याला की मारतो. पुढे सर्कस येते. तेथे बाल्ताझार अंक ओळखून टापांनी गणिते सोडवतो आणि लोक टाळ्या वाजवतात. त्यानंतर एका कवडीचुंबक धान्यव्यापाऱ्याकडे तो रहाटाला जुंपला जातो. उपाशीपोटी गोल गोल फिरतो. अखेर म्हातारपणी तो मारीच्या घरी परत येतो. मारीची अब्रू तोवर त्या टोळीने धुळीस मिळवलेली असते. ती निघून जाते ती परत येत नाही. वडील दुःखाने मरतात. आई एकटी उरते, आणि जेरार पुन्हा गाढव मागायला येतो. ती त्याला विनवते की हा म्हातारा झाला आहे, त्याने पुष्कळ कष्ट केले आहेत, तो संत आहे, आणि मला आता तेवढाच राहिला आहे. तरीही रात्री त्याला चोरून नेतात आणि चोरटा माल पाठीवर लादून सरहद्दीकडे डोंगरात घेऊन जातात. जकातीचे शिपाई गोळ्या झाडतात, पोरे पळून जातात. गोळी बाल्ताझारला लागते.

सकाळी तो डोंगरावरच्या कुरणात उभा असतो. मेंढ्यांचा कळप गळ्यातील घंटा वाजवीत येतो आणि त्याच्याभोवती पसरतो. तो खाली बसतो. शूबर्टचे सूर उमटतात आणि विरतात. मग नुसत्या घंटा ऐकू येतात. कळप पुढे सरकतो, आणि बाल्ताझार हालत नाही. अवघ्या पंचाण्णव मिनिटांत एक जन्म पूर्ण होतो.

ब्रेसाँ यांच्या मनात दोन धागे होते, असे त्यांनी मुलाखतीत समजावून सांगितले आहे. एक असा की गाढवाच्या आयुष्यात माणसाच्याच अवस्था येतात : बाळपणी लाड, तारुण्यात कष्ट, मग गुणांचे चीज, आणि अखेरीस मृत्यूपूर्वीची निःस्तब्ध, आध्यात्मिक अवस्था. आपल्या चार आश्रमांशी ही मांडणी किती जवळून जुळते! दुसरा धागा असा की ते ज्या ज्या माणसाच्या हाती जाते, त्या त्या माणसात एकेक दुर्गुण आहे. कोठे अहंकार, कोठे लोभ, कोठे मद्य, कोठे क्रौर्य. गाढव कोणाला बोल लावीत नाही. ते फक्त पाहते. सर्कशीत त्याला वाघ, पांढरे अस्वल, माकड आणि हत्ती यांच्या पिंजऱ्यांपुढून नेतात, तेव्हा प्राणी एकमेकांकडे बघतात. त्या बघण्यात काय असते ते ब्रेसाँ सांगत नाहीत.

आता त्यांचा ‘मॉडेल’चा आग्रह आठवा. ज्याला अभिनय करताच येत नाही असा परिपूर्ण मॉडेल त्यांना येथे मिळाला. गाढव अजिबात शिकवलेले नसावे, अशी त्यांची अट होती. पण सर्कशीतील गणिताचा प्रसंग न शिकवलेल्या गाढवाकडून कसा व्हावा? शेवटी त्याला शिकवणे भाग पडले आणि त्या प्रसंगासाठी दोन महिने थांबावे लागले. हट्टी दिग्दर्शकाला त्याहून हट्टी प्राण्याने थांबवले, हे या कथेत शोभूनच दिसते.

हे सर्व लिहिताना एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. मारीची भूमिका आन व्हियाझेम्स्की या अठरा वर्षांच्या मुलीने केली. ती नोबेल पारितोषिक मिळवणारे कादंबरीकार फ्राँस्वा मोरियाक यांची नात. पुढे तिने दिग्दर्शक गोदार यांच्याशी विवाह केला आणि स्वतः लेखिका झाली. २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात तिने या चित्रीकरणाचे दिवस वर्णिले आहेत. वृद्ध दिग्दर्शक तिला सतत आपल्या नजरेखाली ठेवी, इतरांत मिसळू देत नसे, आणि तिला नकोशी जवळीक साधण्याचा प्रयत्नही करी. ती दूर सारी तेव्हा तो खिन्न होई, असे तिने लिहिले आहे. त्याच पुस्तकात त्यांच्याकडून मिळालेल्या शिकवणुकीविषयी कृतज्ञताही आहे. मालकांच्या हातचा दोर ज्याने इतक्या निर्दयपणे दाखवला, त्याच्या स्वतःच्या हातातही एक दोर होता. याने चित्रपट लहान होत नाही. पण चरित्र लिहिणाऱ्याने नायकाला शेंदूर फासून बसवू नये, एवढे या चित्रपटापासून तरी शिकावे.

उत्तरायुष्य

पुढल्याच वर्षी, १९६७ साली, ब्रेसाँ यांनी बेर्नानोस यांच्याच कथेवरून ‘मूशेत’ हा चित्रपट केला. एका गरीब, उपेक्षित मुलीची ती कथा ‘बाल्ताझार’ची धाकटी बहीणच म्हणावी. १९६९ साली ते रंगीत चित्रपटाकडे वळले. दस्तयेव्हस्कीच्या दोन कथा, राजा आर्थरच्या सरदारांची दंतकथा आणि पृथ्वीचा नाश पाहून खचलेल्या तरुणांची कथा, अशा कृती ओळीने आल्या. १९७५ साली त्यांनी आपल्या कलेविषयीची टिपणे पुस्तकरूपाने छापली. सूत्रासारखी लहान लहान वाक्ये असलेले ते पुस्तक पुढे जगभर चित्रपटशिक्षण घेणाऱ्यांच्या हाती गेले. शेवटचा चित्रपट १९८३ सालचा. टॉलस्टॉय यांच्या कथेवरून घेतलेल्या त्या चित्रपटात एका खोट्या नोटेमुळे माणसामागून माणूस कसा बुडतो हे दाखवले आहे. कान येथे त्यांना रशियाचे तारकोव्हस्की यांच्यासह गौरवण्यात आले. बायबलमधील सृष्टीच्या उत्पत्तीवर चित्रपट करण्याची इच्छा मात्र त्यांनी जन्मभर बाळगली आणि ती अपुरीच राहिली.

सुमारे पन्नास वर्षांच्या कारकिर्दीत पूर्ण लांबीचे अवघे तेरा चित्रपट. पैसा लावणारे मिळत नसत, चित्रपटगृहे भरत नसत. तडजोड केली असती तर संख्या वाढली असती. ती त्यांनी केली नाही. १८ डिसेंबर १९९९ रोजी, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

२०२२ साली एका ब्रिटिश मासिकाने जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतला, तेव्हा सर्व काळातील पहिल्या पंचवीस चित्रपटांत ‘बाल्ताझार’ होता. त्याच साली पोलंडचे वृद्ध दिग्दर्शक येर्झी स्कोलिमोव्हस्की यांनी त्याच्यापासून स्फूर्ती घेऊन एका गाढवाच्या भ्रमंतीवर नवा चित्रपट केला.

आपल्याशी नाते

ब्रेसाँ यांचे आपल्याकडील नाते दूरचे नाही. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली आणि १९३३ साली पुण्यास गेलेली ‘प्रभात’ १९५३च्या सुमारास बंद पडली. त्याच जागेत १९६० साली सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था काढली. ‘धर्मात्मा’ जेथे घडला त्या आवारात शिकलेले कुमार शहानी पुढे पॅरिसला गेले आणि ब्रेसाँ यांच्या १९६९ सालच्या चित्रपटात त्यांचे सहायक झाले. त्याच संस्थेत शिकलेले मणि कौल यांनी ब्रेसाँ यांना गुरुस्थानी मानले. कौल यांनी १९८० साली गजानन माधव मुक्तिबोधांच्या लेखनावर चित्रपट केला. मुक्तिबोध हिंदीचे थोर कवी खरे, पण घर मराठी, आणि जन्म १९१७ सालचा आपल्याच ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूरचा. नाथांच्या गाढवापासून निघालेली वाट पॅरिसला वळसा घालून अशी आपल्या दाराशी येते.

मात्र एक फरक ध्यानात घ्यावा. आपल्या संतकथांत जनावर येते ते चमत्कारासाठी. ज्ञानदेवांनी पैठणास रेड्याच्या मुखाने वेद वदवला. आळे येथे त्या रेड्याची समाधी आहे आणि लोक भक्तीने तेथे जातात. १९४० सालच्या ‘प्रभात’च्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्येही तो प्रसंग होता. त्या कथेचा भावार्थ मोठा आहे : जे ब्रह्म तुझ्यात तेच त्याच्यात. पण ते पटवण्यासाठी रेड्याला बोलावे लागले. बाल्ताझार शेवटपर्यंत बोलत नाही. त्याच्या भोवती देव प्रकट होत नाही, छळणाऱ्यांना उपरती होत नाही. मेंढ्या येतात आणि जातात. तरीही पाहणाऱ्याला तीच गोष्ट पटते, आणि अधिक खोल रुतते; कारण चमत्काराचा आनंद घेऊन घरी जाण्याची सोय येथे ठेवलेली नाही.

बैलपोळ्याला आपण बैलाची शिंगे रंगवतो, त्याला पुरणपोळी भरवतो, त्याच्या पाया पडतो. ही आपल्या संस्कृतीची गोड बाजू आहे आणि ती खोटी नाही. पण पोळा वर्षाचा एक दिवस. ज्याने जन्मभर ओढले त्याच्या म्हातारपणाचे काय, हा प्रश्न उरलेल्या दिवसांचा आहे. शेतकऱ्याला तो विचारणे सोपे आहे. त्याच्या गोठ्यात चाऱ्याची तंगी असताना उत्तर देणे सोपे नाही. आमच्या आजोबांनाही ते देता आले नसावे. ते क्रूर नव्हते. त्या वर्षी घरात पैशाची अडचण होती, हे आम्हाला फार उशिरा कळले.

ब्रेसाँ यांचा चित्रपट पाहिल्यावर आमच्या मनातील आजोबांवरचा राग गेला, पण बैल काही गेला नाही. मध्यंतरी उकव्याला जाण्याचा योग आला. आजोबांचे घर आता दुसऱ्यांचे आहे. अंगणाच्या कोपऱ्यात गोठ्याचा दगडी चौथरा अजून शिल्लक होता आणि त्यात दावणीचा एक खुंटा, दाव्याच्या घासण्याने एका बाजूला गुळगुळीत झालेला. उजवीकडचाच तो. त्यावर थोडा वेळ हात ठेवून आम्ही परत फिरलो.